रक्तात नव्हतं

डॉक्टर मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला आणि पेनाचं टोक मेंदूच्या फोटोवर अगदी मधोमध ठेवलं. "इथे आहे," त्या म्हणाल्या. "ह्या भागाला थॅलॅमस म्हणतात. हातापायांकडून, डोळ्यांकडून येणारे निरोप इथूनच पुढे जातात. नेमकी इथेच गाठ आहे. ग्लायोमा असावा, म्हणजे मेंदूच्याच पेशींची गाठ. दिसायला चांगली दिसत नाही."

माझ्या नवऱ्यानं विचारलं, "काढून टाकता नाही येत का, मॅडम?"

"नाही हो. फार आत आहे. तिथपर्यंत पोचायचं तर वाटेतलं सगळं कापत जावं लागेल."

हे "बरं" म्हणाले. आज लाइट येणार नाही असं कोणी सांगितल्यावर म्हणतात ना, तसं. मी मात्र टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि तो मॅडमचा आहे हे सगळं पाणी पिऊन झाल्यावर लक्षात आलं.

ज्यांच्या घरी असा पडदा वळवला गेला आहे, किंवा पुढे कधी वळवला जाईल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधीच सांगून टाकते, बरं झाल्याची गोष्ट ऐकायची असेल तर ती माझ्याकडे नाही. माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून एवढा खटाटोप. लिहिताना मी शाळेतली मराठी लिहिते, घरात आम्ही आपली नागपुरीच बोलतो, ती तशीच ठेवली आहे.

मी वंदना. राहते हुडकेश्वरला. नोकरी लॅब टेक्निशियनची, तीही सिकलसेलच्या तपासणीत, एकोणीस वर्षं. सिकलसेल हा रक्ताचा आजार, आईबापाकडून मुलांकडे येणारा. आमच्या भागात, आमच्या समाजात तो किती घरांत आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्याची पहिली टेस्ट साधी असते. काचेच्या नळीत औषध घ्यायचं, त्यात बोटातलं थोडं रक्त टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरायची. रेघा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह, मग पुढची मोठी टेस्ट. रेघा दिसल्या की निगेटिव्ह, विषय संपला. "काही नाही निघालं, जा घरी, जेव पोटभर," हे वाक्य मी इतक्या पोरांना म्हटलं आहे की झोपेतही म्हणत असेन.

त्यामुळे वस्तीत माझा भारी दबदबा. कोणाचाही रिपोर्ट आला की आधी माझ्याकडे. डॉक्टरकडे नंतर. "ताई, पाहून सांगा ना." मी चष्मा लावायची, पाहायची आणि सांगायची. मला ते आवडायचंही. खोटं कशाला बोलू?

ह्यांचं, म्हणजे प्रकाशचं, घराजवळच मोटर वाइंडिंगचं दुकान. जळलेल्या मोटरीतली जुनी तांब्याची तार काढून नवी भरायची. सासरे हातमागावर बसायचे, ह्यांनी सुताऐवजी तार धरली. नागपूरचा उन्हाळा म्हणजे कूलर, आणि कूलर म्हणजे ह्यांची कमाई. तारेचे वेढे हे तोंडानं मोजत. मधे कोणी बोललं तर हात दाखवून गप्प करत, मग ते गिऱ्हाईक असो की मी.

गेल्या वर्षी सीझनच्या तोंडावर एका आठवड्यात तीन मोटरी परत आल्या. वेढे कमी पडले होते. हे चिडले, दोष तारेला दिला. मग म्हणाले, "बोटाले तार लागूनच नाही राहिली. हात झोपल्यासारखा वाटते." मग एकाचे दोन दिसायला लागले. धरमपेठेत डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं, चष्मा बदलला. महिनाभर आम्ही त्या चष्म्याला शिव्या देत बसलो. शेवटी उजवा पाय फरफटायला लागला तेव्हा एमआरआय झाला, आणि तो पडदा.

गाठ कसली आहे हे कळायला बायोप्सी लागते, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. ह्यांच्या कवटीला बारीक छिद्र करून सुई आत घातली. तीन दिवसांनी सर्जन म्हणाले, तुकडा पुरेसा आला नाही, नक्की सांगता येत नाही. आणि सुईनंतर ह्यांचा उजवा हात आठवडाभर लुळा पडला. पुढे तो परत आला, पण त्या आठवड्यात हे डाव्या हातानं भात कालवायचे आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

दुसऱ्यांदा सुई घालायला सर्जन तयार नव्हते. तेव्हा कॅन्सरच्या मॅडमनी, पडदा वळवला होता त्याच, लिक्विड बायोप्सीचं सांगितलं. नीट सांगते, कारण तुम्हालाही कोणीतरी हे सांगेल. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक बारीक तुकडे बाहेर सुटतात. ते तुकडे पकडून त्यात कॅन्सरची खूण आहे का पाहायची. ह्या खुणेला बायोमार्कर म्हणतात. शरीरातल्या इतर बऱ्याच गाठींचे तुकडे रक्तात सापडतात. पण मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गानं एक भिंत घातलेली आहे, ब्लड-ब्रेन बॅरियर. बाहेरचं विष आत जाऊ नये म्हणून ती आहे, पण आतलेही तुकडे ती फारसे बाहेर येऊ देत नाही. ते सापडतात सीएसएफमध्ये, म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवती जे पाणी असतं त्यात. ते पाणी कमरेतून सुईनं काढतात. त्याला लंबर पंक्चर म्हणतात.

मॅडम म्हणाल्या, "पाण्याची टेस्ट करू. रक्ताचीही होते, पण रक्तात सापडलं तरच ते कामाचं. नाही सापडलं, तर आजार नाही असा अर्थ घ्यायचा नाही. आणि काहीही आलं तरी एमआरआयवरून रेडिएशन लावायचंच आहे, त्याची तारीख घेऊन ठेवा."

ही वाक्यं मी माझ्या कानांनी ऐकली. मान हलवली. तारीखही घेतली.

घरी आल्यावर हे म्हणाले, "डोक्यात सुई घातली तं हात गेला. आता पाठीत घातली तं पाय जाईन. मी नाही घालू देत." उमरेडहून माझी नणंद आली होती. ती म्हणाली, "नको वं वयनी, पाठीतलं पाणी काढलं का मानूस उठत नाही. आमच्या शेजारनीले बाळंतपणात सुई देल्ली, तवापासून तिची कंबरच नाही राह्यली."

मी लॅबची बाई. मला चांगलं माहीत होतं की सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, पाय जायचा प्रश्न येत नाही. एवढंच समोर बसून सांगायचं होतं. दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याला मी दटावून सांगितलंही असतं. पण तो लुळा हात माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. आणि रक्त म्हटलं की मला धीर येतो. रक्त माझ्या ओळखीचं. मी म्हणाले, "रक्ताची करू. रक्तात सगळं येते."

मॅडमना सांगितलं, पेशंट तयार नाही. त्यांनी पुन्हा समजावलं, ह्यांनी पुन्हा नाही म्हटलं, मी खाली पाहत राहिले. रक्त बाहेरगावच्या लॅबला गेलं.

रिपोर्ट आला तेव्हा मी भिवापूरकडे शाळेत शिबिराला होते. बाजूच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या, पोरं रांगेत ठसकत होती. फोनवर रिपोर्ट उघडला. एकाखाली एक जीन्सची नावं आणि प्रत्येकापुढे एकच शेरा, नॉट डिटेक्टेड, म्हणजे आढळलं नाही. नॉट डिटेक्टेड. नॉट डिटेक्टेड. मी बोट खाली सरकवत गेले, सगळीकडे तेच. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मिरचीच्या नावावर खपलं.

लगेच ह्यांना फोन लावला. "अहो, काही नाही निघालं."

"म्हंजे?"

"म्हंजे नाही आहे! रक्तात काहीच नाही आहे."

"खरंच का वं?"

"मी सोताच्या डोळ्यानं वाचून राहिले ना!"

 मग लहान पोरानं विचारावं तसं ह्यांनी विचारलं, "मंग दुकान उघडू का?"

मी म्हटलं, उघडा.

आता हे वाचणारा विचारेल, बाई, तुला डॉक्टरनं सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. विसरले होते का? विसरले नव्हते. ते वाक्य डोक्यात होतं, मी त्याच्याकडे पाठ फिरवून उभी राहिले. मग एमआरआयमध्ये गाठ का दिसते, याचंही उत्तर मीच शोधलं. सूज असेल, टीबीची गाठ असेल, माझ्या ओळखीत एकाची निघाली होती. त्या वेळी हे सूज उतरवायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होते. त्या गोळ्यांनी गाठीभोवतीची सूज कमी होते आणि माणूस काही दिवस बरा दिसतो. हात चालायला लागला, चालणं सुधारलं. मला तर पुरावाच मिळाला. दवाखान्यातून दोनदा फोन आला, मॅडमना भेटून जा. मी ठसक्यात सांगितलं, "पेशंट एकदम चांगले आहेत." रेडिएशनची तारीख फोनवरच रद्द केली. गोळ्या संपल्या, त्याही नव्या आणल्या नाहीत.

बुद्धपौर्णिमेला विहारात मी आमच्यातर्फे खीर वाटली. सगळ्यांना सांगितलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला. बायांनी माझे हात हातात घेतले. हे दुकानात गिऱ्हाईकाला सांगायचे, "आमच्या हिनं रिपोर्ट पाह्यला म्हनून वाचलो, नाही तं डॉक्टरनं रेडिएशनचा लाइट देऊन डोकं जाळून टाकलं असतं." मी आत उभी राहून ऐकायची आणि माझी मान ताठ व्हायची.

जूनमध्ये एका सकाळी शेजारचा चहावाला धावत आला. हे दुकानात आडवे पडले होते, उलटी झाली होती, हातात पक्कड घट्ट धरलेली. डोळे उघडे, पण माझ्यावर ठरत नव्हते. ऑटोत मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन एकच बडबडत होते, मी वाचलं होतं ना, मी वाचलं होतं ना. ऑटोवाल्याला वाटलं मी त्याच्याशी बोलते आहे.

नवा एमआरआय झाला. गाठ वाढली होती, भोवती सूज होती. मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मी म्हणाले, "मॅडम, रक्तात तर नव्हतं."

"रक्तात नव्हतं, ताई," त्या म्हणाल्या. "डोक्यात होतं."

मी सांगितलं होतं ना, असं त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर बरं झालं असतं. बाहेर बाकावर बसून मी तो जुना रिपोर्ट परत उघडला आणि पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत गेले. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं. मराठीत सांगायचं तर, खूण न आढळणे म्हणजे आजार नसणे असे समजू नये, मेंदूच्या गाठींमध्ये हे विशेषकरून लक्षात घ्यावे. दोन महिने ते माझ्या फोनमध्ये होतं. मी पर्समध्ये घेऊन फिरत होते.

मी दवाखान्याच्या संडासात जाऊन कडी लावली आणि स्वतःच्या तोंडात थपडा मारून घेतल्या. आमच्यात देवाला नवस बोलत नाहीत. लहानपणापासून मला त्याचा अभिमान. पण त्या दिवशी वाटलं, कोणीतरी असायला पाहिजे होतं. कोणाच्या तरी पायावर डोकं आपटून म्हणता आलं असतं की बापा, माझं काहीही घे, पण मला ते दोन महिने परत दे.

इंजेक्शननं सूज उतरल्यावर, डोक्यातला दाब पाहून, मॅडमनी लंबर पंक्चर केलं. ह्यांना आता नाही म्हणायचीही ताकद नव्हती. कुशीवर झोपवलं, गुडघे छातीशी घेतले. मी लॅबची म्हणून मला आत थांबू दिलं, मी समोरून ह्यांचे गुडघे धरले. आधी बधिर केलं, मग बारीक सुई. पाणी थेंब थेंब नळीत पडलं, आपल्या पिण्याच्या पाण्यासारखं स्वच्छ. दहा मिनिटं. मग पट्टी. थोडा वेळ सरळ झोपून राहायला सांगितलं, दोन दिवस डोकं दुखलं. बस. संध्याकाळी हे संडासला धरून धरून का होईना, आपल्या पायांनी गेले. येऊन पलंगावर बसले आणि म्हणाले, "एवढंच?"

त्या एका शब्दानं माझं जे झालं ते मला लिहिता येत नाही.

पाण्याच्या रिपोर्टात खूण सापडली. एच-थ्री के-ट्वेंटीसेव्हन-एम असं तिचं नाव, एका प्रथिनातला छोटासा बदल. मेंदूच्या मधल्या भागातल्या ज्या गाठी असतात, त्यांतल्या सगळ्यात खोडसाळ जातीची ती खूण. मॅडम म्हणाल्या, पूर्ण बरं करणारा इलाज आज नाही. रेडिएशननं वेग कमी होतो. काही दिवस, काही महिने मिळतात.

दुपारी ह्यांनी विचारलं, "पहिले तं काही नव्हतं ना वं?"

मी म्हणाले, "हो. पहिले नव्हतं. मंग झालं."

इतकं सोपं होतं ते. तोंडातून निघून गेलं आणि मी उशीचा अभ्रा बदलायला लागले.

रेडिएशन सहा आठवडे चाललं. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा घालून तो टेबलाला अडकवतात. हे बाहेर यायचे तेव्हा गालांवर जाळीचे वळ उठलेले असायचे. वेटिंगमध्ये सगळ्यांच्या गालांवर तेच वळ. ओळख करून घ्यावी लागत नसे.

त्यानंतरच्या एमआरआयत गाठ आधीपेक्षा मोठी दिसली. मी तिथेच खाली बसले. मॅडमनी उठवलं. म्हणाल्या, रेडिएशननं आत सूज येते आणि फोटोत ती गाठीसारखीच दिसते. खरं काय ते पाण्यावरून जरा कळेल. पुन्हा लंबर पंक्चर. ह्या वेळी पाण्यातले गाठीचे तुकडे कमी झालेले निघाले. म्हणजे फोटोत दिसत होती ती बहुतेक सूज. लिक्विड बायोप्सीचा हा दुसरा उपयोग, आजार कुठे चालला आहे ते अधूनमधून पाहायचं. ह्या वेळी मी आनंद केला नाही. मी मॅडमना विचारलं, "ह्याचा अर्थ काय घ्यायचा, आणि काय नाही घ्यायचा?" त्यांनी दोन्ही सांगितलं आणि मी दोन्ही वहीत लिहून घेतलं. तुम्हीही हाच प्रश्न विचारा. लाजू नका. मी लाजत नव्हते, मला सगळं येतं असं मला वाटत होतं, ते जास्त वाईट.

दिवाळीनंतर हे घसरायला लागले. शब्द हरवायचे. चमच्याला "ते, ते... पाना" म्हणायचे. मधेच एखादा दिवस एकदम लख्ख. अशाच एका दिवशी नणंदेला फोनवर सांगत होते, "हिच्यामुळेच एवढे दिवस काढले वं बाई. हिनं पहिलेच पकडलं होतं सारं. हिच्यासारखी बायको नाही भेटत." मी पोळ्या लाटत होते.  तव्यावरची पोळी काळी झाली तरी मला उलथता येईना.

हे असंच राहिलं तर एक दिवस हा माणूस सगळं विसरून जाणार आणि माझं खोटं तेवढं खरं म्हणून उरणार. मग मी कोणाला सांगू? सांगितलं तरी समजून कोण घेणार? त्याला कळतंय तोवरच सांगायला पाहिजे होतं. आणि मला तर कोणी मरण दिलं तरी चालेल, पण हे सांगणं नको, असं झालं होतं. चार दिवस मी तोंड उघडायची आणि "चहा घेता का?" विचारून परत मिटायची.

पाचव्या दिवशी दुपारी हे समोरच्या खोलीत उन्हाकडे पाय करून बसले होते. डोकं जागेवर होतं, त्या दिवशी ह्यांनी स्वतःहून दुकानाचं विचारलं होतं. मी खाली बसले आणि सांगितलं. रक्ताचा रिपोर्ट, तळचं वाक्य, रद्द केलेली तारीख, सगळं. 

ह्यांनी सगळं ऐकलं. शब्द शोधत शोधत विचारलं, "डॉक्टरनं... पहिलेच सांगतलं होतं का तुले? का रक्तात नाही दिसत?"

"हो."

"तुले समजलं होतं?"

"समजलं होतं. पन मले तसं नोको होतं."

"पाठीतल्या सुईनं पाय नाही जात, हे बी माहीत होतं?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. भाकर दिली तर खायचे, गोळी दिली तर घ्यायचे. मी जवळ गेले की डोळे मिटायचे. मी म्हणत होते, शिव्या द्या, मारा, पण काही बोला. घरभर तोंड दाबून फिरत होते. आपण ज्याच्यासाठी जीव टाकतो तो माणूस आपल्यामुळेच लवकर जाणार, आणि त्यालाही ते माहीत आहे, अशा घरात श्वास कसा घेतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मॅडमची तारीख होती. आदल्या आठवड्यात काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट आला होता. नेहमीप्रमाणे मॅडम माझ्याकडे वळून बोलायला लागल्या, ताई तुम्ही तर लॅबच्याच. ह्यांनी हात वर केला.

"मले सांगा," हे म्हणाले. "सरळ मले. तिले नोको."

मॅडम खुर्ची ह्यांच्यासमोर ओढून बसल्या. हळूहळू, एकेक वाक्य करून सांगितलं. पाण्यातले तुकडे पुन्हा वाढले आहेत. ह्या वेळी फोटोतही तेच दिसतं आहे. आणखी एक औषध देऊन पाहता येईल, पण फार आशा ठेवू नका.

हे ऐकत होते. मग विचारलं, "ते दोन महिने... गेले नसते... तं वाचलो असतो का?"

 मला उत्तर पाहिजेही होतं आणि नकोही होतं.

मॅडम म्हणाल्या, "वाचला नसता, प्रकाशभाऊ. हा आजार तसा नाही. थोडे दिवस जास्त मिळाले असते कदाचित. कदाचित नसतेही. मला खरंच सांगता येत नाही."

ह्यांनी मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या उत्तरानं माझी सुटका झाली असं तुम्हाला वाटेल. झाली नाही. "कदाचित" ह्या शब्दाबरोबर मला उरलेला जन्म काढायचा आहे, हे मला तिथेच कळलं. पुढे रजा संपवून कामावर परत गेले तेव्हा मात्र एक बदल झाला. आता पोराच्या आईला मी निगेटिव्ह सांगते तेव्हा नीट बसून सांगते, ही टेस्ट कशाची आहे, कशाची नाही, आणि पोर तरीही आजारी वाटलं तर कुठे जायचं. रांग लांबते. वरच्या साहेबांची बोलणी बसतात. बसू देत. वस्तीतलं कोणी रिपोर्ट घेऊन आलं तर मी हातात घेत नाही, त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे जाते.

त्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यातून बाहेर आलो. फाटकापाशी पायऱ्या आहेत. रोज मी ह्यांचा दंड धरून उतरवायची. त्या दिवशी माझी हिंमत झाली नाही. मी दोन पावलं मागे राहिले, ह्यांनी कठडा धरला आणि तिथेच उभे राहिले. मागचे लोक खोळंबले. ऊन चढलं होतं. 

मग हे मान न वळवताच म्हणाले, "मले तुहा राग आहे, वंदना. लई राग आहे. जाईन का नाही... माहीत नाही." शब्द शोधायला वेळ लागला. "पन हात धर. पायऱ्या दोन-दोन दिसून राहिल्या."

मी हात धरला. त्यांनी माझी बोटं घट्ट आवळली, दुखतील इतकी, आणि आम्ही उतरलो.